तीन सपाट नोटा

बालीला यायचं बाबांनी कबूल केलं ते एका अटीवर. व्हिसाची फी ते स्वतः भरणार, तिथे उतरल्यावर, काउंटरवर, रोख. आणि पावती घेणार.

आईने विचार न करता "हो" म्हणून टाकलं. आमच्या पर्थमध्ये बालीला न गेलेला माणूस शोधून काढावा लागतो. लोक दात बसवायला बालीला जातात, शर्ट शिवायला जातात, शेजाऱ्याशी भांडण झालं तरी आठवडाभर बालीला जातात. आई तर मैत्रिणींबरोबर इतक्या वेळा गेलेली, की सानूरच्या किनाऱ्यावरच्या मालिशवाल्या बायका तिला चेहऱ्यापेक्षा गुडघ्यांवरून ओळखतात. बाबा मात्र एकदाही गेले नव्हते. "समुद्र आपल्याकडेही आहे," असं ते म्हणायचे. आपल्याकडच्या समुद्रावरही ते जात नसत, कारण तिथे वाळू असते.

यंदा त्यांच्या लग्नाला चाळीस वर्षं होत होती. एका रविवारी अंगणात सॉसेज भाजताना, चिमट्याने एक उलटत, बाबा म्हणाले, "बरं, येतो मी. तू म्हणतेस तर." आईच्या हातात सॅलडचा वाडगा होता. तो तिने जेवण संपेपर्यंत खाली ठेवला नाही.

त्या संध्याकाळी तिने मला स्वयंपाकघरात गाठलं.

"टॅम, एक काम कर. त्याला फक्त त्या काउंटरच्या पलीकडे पोचव. तिथे जरा जरी बिनसलं ना, तर हा तिथूनच परत फिरेल, आणि पुन्हा कधी येणार नाही. एकदा बाहेर पडला की पुढचं मी बघते."

ती वाढवून सांगत नव्हती. वाहनतळावरच्या यंत्राने पावती दिली नाही म्हणून बाबा सख्ख्या मावसभावाच्या लग्नातून परत आले होते. नवरी अजून यायची होती.

ही फी फोनवरूनही भरता येते. आईने तसं हळूच सुचवून पाहिलं. पण बाबांनी एकदा बागेची अवजारं ठेवायची खोली फोनवरून मागवली होती, आणि आली ती टेबलावर मावेल एवढी. "फोटोत शेजारी माणूस उभा नव्हता," ही त्यांची तक्रार आजही कायम आहे. त्या खोलीत आता ते वाटाण्याचं बी ठेवतात.

तर रोख. माणशी पन्नास डॉलरच्या आसपास, म्हणजे प्रत्येकी एक नोट. तीन माणसं, तीन नोटा. याहून सोपा हिशोब मी शाळेतही केलेला नाही. पण मग पुढच्या रविवारी, पुन्हा सॉसेज भाजताना, कुंपणापलीकडून नेव्हचं डोकं वर आलं.

नेव्ह आमचा शेजारी. तो बालीबद्दल बोलताना "आमच्याकडे" असं म्हणतो.

"नोटा कशा आहेत?" त्याने बाबांना विचारलं.

"पिवळ्या."

"तसं नाही रे क्लाइव्ह. सपाट आहेत का? घडी पडलेली नोट घेत नाहीत तिकडे. आमच्या गॅरीची परत केली. कोपरा दुमडला होता, बस. तो माणूस नोट उजेडात धरतो, अशी तिरकी करून बघतो, आणि देतो ढकलून."

"कोण माणूस?"

"असतो एक. तिथे."

मी तिथेच उभी होते. प्रयोगशाळेत आम्हाला पहिल्या दिवशी शिकवतात की कुठलाही निष्कर्ष ऐकला की आधी विचारायचं, नमुना कुठून घेतला? मी विचारलं नाही. ऊन छान पडलं होतं आणि सॉसेज शिल्लक होते.

तेवढ्यात समोरची ग्लेंडा कुत्रं फिरवत आली. नेव्ह सल्ला देत असला की तिच्याने पुढे जाववत नाही.

"पेनाची खूणपण नको," ती म्हणाली. "आणि वास नको."

"कसला वास?" बाबा म्हणाले.

"कसलाच."

दुसऱ्या दिवशी बाबा कोऱ्या नोटा आणायला बँकेत गेले. आमच्या भागातल्या त्या शाखेत हल्ली खुर्च्या आहेत, कुंडीतलं झाड आहे, कॉफीचं यंत्र आहे, फक्त पैसे नाहीत. काउंटरवरच्या मुलाने कार्डावरचं नाव वाचून, "काय क्लाइव्ह, कसा चाललाय तुझा दिवस?" असं विचारलं. दिवस तिथूनच बिघडला.

"नवीन नोटा पाहिजेत."

"इथे आम्ही नोटा ठेवत नाही."

"ही बँक आहे ना?"

"हो."

"मग पाव नसलेली बेकरी कशाला उघडी ठेवलीय?"

मुलाने त्यांना बाहेरचं यंत्र दाखवलं. बाबांनी तीन नोटा काढल्या. तिन्हींना मधोमध घडी. त्यांनी त्या परत यंत्रात भरल्या आणि पुन्हा तीन काढल्या. या वेळी एकीचा कोपरा गेलेला. पुन्हा भरल्या. घरी आल्यावर त्यांनी सांगितलं की त्यातली एक नोट तीन वेळा परत आली, आणि शेवटी तीही ओळख दाखवायला लागली होती.

दुपारी बँकेचा फोन आला. "तुमच्या कार्डावर कोणीतरी विचित्र वागतंय."

"तो मीच," बाबा म्हणाले.

पलीकडच्या बाईंच्या लक्षात आलं की खरा चोरही हेच म्हणाला असता. त्यांनी कार्ड गोठवून टाकलं आणि नवीन टपालाने पाठवू म्हणून सांगितलं. ते सुट्टी संपेपर्यंत येणार नव्हतं. मी हबकले, बाबा मात्र खूश होते. "याला म्हणतात काम," ते म्हणाले. "संशय आला की बंद."

म्हणजे आता कार्ड नाही, आणि हातात शेवटच्या फेरीतल्या तीन नोटा, घडीसकट. त्या सपाट करणं आलं. बाबांनी त्या आधी गादीखाली ठेवल्या. मग दोन फळ्यांमध्ये ठेवून फळीवर गाडीचं चाक आणून उभं केलं. सकाळी गाडी मागे घेतली, फळी उचलली. नोटांनी आळस दिल्यासारखी घडी परत घेतली.

इथे मला बोलावंच लागलं. मी पॉलिमरमध्ये पदवी घेतली आहे, आणि रंगाच्या कारखान्यात छपरांचे रंग उन्हात किती टिकतात ते तपासते. आमच्या नोटा प्लास्टिकच्या आहेत आणि प्लास्टिक हा माझा विषय आहे. घरात माझा विषय निघण्याचे प्रसंग फार येत नाहीत.

"दाबून उपयोग नाही, बाबा. ऊब द्यायला हवी. हलकी. जास्त दिलीत तर आकसेल. हे प्लास्टिक कारखान्यात दोन्ही बाजूंनी ताणून पातळ केलेलं असतं. फार तापलं की त्याला आपलं बालपण आठवतं आणि ते तिकडे जायला निघतं."

"हलकी म्हणजे किती?"

हा प्रश्न मला अतिशय आवडला. मी कामावरून तापमान मोजायची बंदूक आणली. इस्त्रीच्या प्रत्येक खुणेवर तापमान मोजलं. पाच डॉलरची एक जुनी नोट पंच्याखाली ठेवून रेशमाच्या खुणेवर इस्त्री फिरवली. नोट अशी निघाली की जणू तिला आयुष्यात कोणी खिशात घातलंच नव्हतं. नेव्ह कुंपणावरून बघत होता. "वा, प्रोफेसर!" तो म्हणाला. मी काहीच विशेष नाही असा चेहरा केला; तो चेहरा मला नीट जमत नाही. इस्त्री रेशमाच्या खुणेवर ठेवून मी बाबांना म्हटलं, "आता उरलेल्या तुम्ही करा," आणि कामावर गेले.

प्रयोगात मी सगळं मोजलं होतं. फक्त घरात आई आहे आणि तिच्याकडे सुट्टीवर घालायच्या लिननच्या विजारी आहेत, हे धरलं नव्हतं.

आईने मधल्या वेळेत विजारींना इस्त्री केली. लिननला लागते तेवढ्या कडक आचेवर. मग बाबा आले. त्यांनी तीन नोटा शेजारी शेजारी मांडल्या, पंचा घातला, आणि माझ्या सांगण्याबरहुकूम इस्त्री फिरवली. सांगण्यापेक्षा जरा जास्तच, कारण मी दिलेल्या सूचनांचा ते मान ठेवतात.

संध्याकाळी आले तर स्वयंपाकघराच्या टेबलावर तीन पिवळे तुकडे होते, चहात बुडवायच्या बिस्किटाएवढे. शाळेत असताना आम्ही पोरं बटाट्याच्या वेफर्सची पाकिटं ओव्हनमध्ये घालून आकसवायचो आणि चाव्यांना लावायचो, अगदी तसे. चित्रं सगळी जागच्या जागी. आकडाही स्पष्ट. फक्त सगळं बाहुल्यांच्या बाजाराच्या मापात.

"सपाट आहेत," बाबा म्हणाले.

कुंपणावरून नेव्हने एक तुकडा मागून घेतला आणि बोटांत फिरवून बघितला. "क्लाइव्ह, तुझ्या त्या अवजारांच्या खोलीचं भाडं द्यायला ठीक आहेत." मग माझ्याकडे वळून, "काय प्रोफेसर?"

मी घरात गेले. अशा नोटा बँकेत अर्ज करून बदलून मिळतात, हे मला माहीत होतं. पण त्याला वेळ लागतो, आणि विमान शनिवारी होतं. शिवाय त्या क्षणी मला कोणाला काही समजावून सांगायचं नव्हतं.

शेवटी ग्लेंडा मदतीला धावली. ती सुपरमार्केटच्या गल्ल्यावर बसते. आईने तिला आपल्या पाकिटातल्या तीन चुरगळलेल्या नोटा दिल्या आणि तिने बदल्यात तीन कोऱ्या आणल्या, इतक्या कोऱ्या की एकमेकींना चिकटलेल्या. "वास घेऊन बघितलाय मी," ती म्हणाली.

आता प्रश्न एवढाच होता की त्या बालीपर्यंत अशाच न्यायच्या कशा. बाबा थोडा वेळ घरात फिरले. मग त्यांनी बैठकीच्या भिंतीवरची चौकट उतरवली. तिच्यात त्यांचं प्रशस्तिपत्र असतं: पाणीपुरवठा खात्यात तीस वर्षं खंड न पडता सेवा. त्यांनी मागची फळी काढली, काच आणि प्रशस्तिपत्र यांच्यामध्ये तीन नोटा ओळीने बसवल्या, फळी लावली आणि कडेच्या पत्र्याच्या पट्ट्या पक्कडीने घट्ट दाबून टाकल्या.

"आता वारासुद्धा लागायचा नाही."

"क्लाइव्ह," आई म्हणाली, "आपण प्रदर्शन भरवायला नाही चाललो."

"तुला यायचंय ना बालीला?"

 आईला यायचं होतंच; त्याहून तिला बाबांना न्यायचं होतं. सगळा घोळ तिथेच होता.

शनिवारी विमानतळावर तपासणीच्या पट्ट्यावर चौकट पुढे सरकली आणि पट्टा थांबला. तपासणीच्या बाईंनी ती दोन्ही हातांनी उचलली.

"हे काय आहे?"

"व्हिसाची फी," बाबा म्हणाले.

त्यांनी चौकटीकडे बघितलं, बाबांकडे बघितलं, आणि मग मला जरा बाजूला घेऊन विचारलं, "तुम्ही बरोबर आहात ना यांच्या?" मी हो म्हटलं. चौकट जाऊ दिली. मात्र पट्ट्या उघडायला बाबांनी बरोबर घेतलेला पेचकस त्यांनी ठेवून घेतला. बाबांनी हरकत घेतली नाही. नियम म्हणजे नियम. विमानात ते चौकट मांडीवर घेऊन बसले, आणि जेवणाचा ट्रे माझ्या ट्रेवर ठेवून जेवले.

उतरल्यावर फीच्या रांगेत आमच्या पुढे ब्रिस्बेनच्या पोरांचा घोळका होता. त्यातल्या एकाने चड्डीच्या मागच्या खिशातून नोट काढली. ती नोट होती हे मी रंगावरून ओळखलं. एरवी तो खाऊन टाकलेल्या चॉकलेटचा कागद वाटला असता. काउंटरवरच्या अधिकाऱ्याने ती तळहाताने एकदा पसरली, गल्ला उघडला आणि आत टाकली. गल्ल्यात तसल्याच नोटा भरलेल्या होत्या. घड्यांच्या, ओल्या, कडा मुडपलेल्या, एकीवर कोणीतरी फोननंबर लिहिलेला.

मी आईकडे पाहिलं. आईनेही गल्ला बघितला होता. बाबांनी बघितला नव्हता. ते रुमालाने काच पुसत होते.

आमची पाळी आली. अधिकाऱ्याच्या छातीवर सुआर्दिका असं नाव होतं. बाबांनी चौकट त्याच्यापुढे उभी ठेवली.

"सर, ही... भेट आहे?"

"फी आहे. तिघांची."

बाबांनी चौकट पालथी केली आणि पट्टी नखाने उचलायला घेतली. नख मोडलं. मग घराची किल्ली लावून पाहिली, ती जाड. नाणं तर आणखी जाड. पक्कडीने दाबलेल्या पट्ट्या, त्या काय हटणार. मागे रांग वाढत होती आणि कोणीतरी "आजोबा, चित्र काढताय का?" असं म्हणालं. बाबांचे कान लाल झाले. आमच्या घरात या कानांचा अर्थ सगळ्यांना माहीत आहे.

"कार्ड चालेल, सर," सुआर्दिका नरमाईने म्हणाला.

बाबांनी कार्ड दिलं. यंत्राने विचार केला. "बँक नको म्हणते, सर."

"बरोबर आहे," बाबा म्हणाले. "गोठवलंय." त्यांनी चौकट उचलून काखेत घेतली. आवाज अगदी शांत होता, तेच वाईट. "टॅम, परतीचं विमान किती वाजता असतं ग?"

आईने पर्स उघडली. मी तिच्या शेजारीच होते, मला आतलं दिसलं: पिवळ्या नोटांचा एक बोळा, तिघांची फी भरून वर उरेल एवढा. तिचा हात त्या बोळ्यावर गेला. तिथे थांबला. मग तिने पर्स मिटली, मान कलती केली आणि कानातलं काढलं. सानूरला घेतलेलं लांब चांदीचं कानातलं, तिचं आवडतं. त्याचा आकडा तिने बाबांपुढे धरला.

"याने होतंय का बघ, क्लाइव्ह. बारीक आहे."

बाबांनी कानातलं हातात घेतलं. मग चौकट पुन्हा काउंटरवर आली.

एकेक पट्टी उचकटत गेली. शेवटचीला आकडा मोडला. आई "राहू दे" म्हणाली आणि मोडका तुकडा पर्समध्ये टाकला. फळी निघाली, प्रशस्तिपत्र निघालं, आणि त्याच्याखालून तीन नोटा काचेवर पडलेल्या दिसल्या, तळ्यावर पान पडावं तशा.

सुआर्दिकाने त्या उचलल्या. त्याने बाबांच्या कानांकडे पाहिलं, आईच्या एका रिकाम्या कानाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग एकेक नोट उजेडात धरली, जरा तिरकी केली, आणि सावकाश मान हलवली.

"उत्तम नोटा आहेत, सर. इतक्या सपाट नोटा या काउंटरवर मी आजवर बघितल्या नाहीत."

हे विधान तंतोतंत खरं होतं. बाबांच्या कानांची लाली उतरली.

"आणि हे, सर? हेही जमा करायचंय?"

"नाही नाही, ते माझं आहे." बाबांनी प्रशस्तिपत्रावर हात ठेवला. सुआर्दिकाने मान वाकडी करून वाचलं.

"पाण्याच्या खात्यात? तीस वर्षं? आमच्या गल्लीत पाणी फार बारीक येतं हो."

"आधी चांगलं यायचं?"

"यायचं."

"वरच्या अंगाला झाड आहे का मोठं?"

"देवळापाशी वड आहे."

"मग मुळं शिरलीत नळात," बाबा काउंटरवर रेलून म्हणाले. "खणून बघायला सांगा. झाडाला हात लावू नका, नळ वळवून न्या." सुआर्दिकाने ते लिहून घेतलं. मागे कोणीतरी मोठा सुस्कारा सोडला. पासपोर्टांवर शिक्के बसले, आणि तिघांच्या तीन पावत्या आल्या. बाबांनी त्या ओळीने चौकटीत, नोटांच्या जागी ठेवल्या.

आम्ही पलीकडे पोचलो. आईने मला हळूच चिमटा काढला. काम झालं होतं.

सामान घेऊन बाहेर आलो तर समोर पैसे बदलून देणाऱ्याची खिडकी होती. टॅक्सीला तिथले रुपिया हवेत म्हणून आई पुढे झाली आणि तिने पर्समधल्या दोन नोटा सरकवल्या. खिडकीतल्या माणसाने एक उचलली. उजेडात धरली. तिरकी करून बघितली. मग दोन्ही नोटा ढकलून परत दिल्या.

असतो एक. तिथे. हाच तो. गॅरीची नोट याने परत केली होती. नमुना मला आत्ता सापडत होता.

"बघितलंस?" बाबा मागून म्हणाले. त्यांचा चेहरा फुलला होता. लग्नाच्या फोटोतसुद्धा ते इतके खूश नाहीत. "रोझ, बघितलंस ना? कुठून आल्या या चुरगळलेल्या?"

"होत्या पर्समध्ये."

"आणि त्या काउंटरवर काढल्या असत्यास तर? आत्ता परतीच्या विमानात बसलो असतो आपण. काय टॅम? तू शास्त्र शिकलीयस. चालल्या असत्या का?"

गल्ला माझ्या डोळ्यांपुढे होता. ओल्या नोटा, मुडपलेल्या कडा, तो फोननंबर. एवढा स्वच्छ पुरावा मला कामावरही क्वचित मिळतो. आई एका कानात कानातलं आणि दुसरा कान मोकळा अशी माझ्याकडे बघत होती.

"नाही, बाबा," मी म्हटलं. "मुळीच चालल्या नसत्या."

बाबांनी समाधानाने मान हलवली. चौकट एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतली, रिकामा हात आईच्या खांद्यावर ठेवला, आणि बाहेरच्या झाडांकडे, टॅक्सीवाल्यांच्या गर्दीकडे अशा नजरेने बघितलं की जणू हे सगळं त्यांनीच मंजूर केलं होतं.

"बरी वाटतेय जागा," ते म्हणाले. "आणि त्या नोटांची काळजी करू नका. हॉटेलात इस्त्री असेलच ना?"

"नाही," आई आणि मी एकदमच म्हणालो.